बियाणे घेता उगवणीवर, मग माणूस कपड्यांवर का?



बैलबाजारात गेल्यावर तुम्ही काय करता ते आठवून बघा. विकणाऱ्याने शिंगे तासलेली असतात, हिंगूळ लावलेला असतो, अंगाला तेलपाणी केलेले असते. बैल दिसतो झकास. पण तुम्ही काही लगेच सौदा करत नाही. आधी तोंड उघडून दात बघता. चार पावले चालवून बघता. खांदा सुजलेला तर नाही ना, हे हाताने चाचपता. जमलेच तर गाडीला जुंपून एक फेरी मारता. एवढे सगळे झाल्यावर मग रुमालाखाली हात जातो आणि बोटांनी भाव ठरतो. हिंगुळाचे पैसे कोणी देत नाही.

बियाण्याचेही तेच. सोयाबीनचा दाणा वरून कितीही टपोरा आणि चमकदार असला तरी तो उगवेलच असे नाही. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. मळणी यंत्राच्या दणक्याने आतला अंकुर दुखावलेला असतो आणि वरून काही कळत नाही. म्हणून आम्ही दरवर्षी मे महिन्यात गावोगाव सांगत फिरतो, 100 दाणे मोजा, ओल्या गोणपाटात ओळीने ठेवा, गुंडाळी करा, आठवडाभर ओल टिकवा आणि मग मोजा. 70 उगवले तर बियाणे पेरायला बरे. त्याहून कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवा, फारच कमी उगवले तर ते बियाणे पेरूच नका. हे आता लहान पोरालाही पाठ झाले आहे.

दुधाचे तर विचारूच नका. डेअरीत दूध किती पांढरेशुभ्र दिसते यावर दर ठरला असता, तर अर्धे गाव भांडायला उठले असते. तिथे फॅट लागते, एसएनएफ लागते. यंत्र काय म्हणते ते खरे.

म्हणजे जनावर, बियाणे, दूध या तिन्ही बाबतीत आपण दिसण्यावर जात नाही. पण माणूस कामावर घ्यायची वेळ आली की आपले हे सगळे शहाणपण कुठे जाते, हा माझा आजचा प्रश्न आहे.

‘व्यक्तिमत्त्व’ नावाचा रकाना

गावात नोकऱ्या कुठे आहेत, असे कोणी म्हणेल. पण मोजून बघा. ग्रामपंचायतीचा शिपाई आणि पाणीपुरवठा कर्मचारी, दूध संस्थेचा सचिव, विकास सोसायटीचा कारकून, पतसंस्थेचा वसुली प्रतिनिधी, शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेबनीस, कृषी सेवा केंद्रातला पोऱ्या, शिक्षणसंस्थेतला सेवक, शिवाय पाडव्याला ठरणारा सालगडी आणि ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. यातल्या बऱ्याच जागांची निवड गावातलीच चार-पाच माणसे एका टेबलामागे बसून करतात. ही माणसे म्हणजे तुम्हीच, हा लेख वाचणारे सरपंच, संचालक, चेअरमन, ग्रामपंचायत अधिकारी आणि बागायतदार.

अशा मुलाखतीचा तक्ता मी अनेकदा पाहिला आहे. शिक्षण इतके गुण, अनुभव इतके गुण, आणि शेवटी एक रकाना, ‘व्यक्तिमत्त्व : 10 गुण’. या रकान्यात नेमके काय मोजायचे, हे कुठेही लिहिलेले नसते. मग जो तो आपल्या मनाने मोजतो. कोणी उंची मोजतो, कोणी रंग, कोणी इस्त्री, कोणी बूट. शिक्षण आणि अनुभव बहुतेकांचे सारखेच भरतात. त्यामुळे निकाल लागतो तो याच रकान्यावर.

आमच्या भागातल्या एका दूध संस्थेची गोष्ट सांगतो. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी गोष्ट कुठल्याही गावात घडते. संकलन केंद्रावर नोंदी आणि हिशेब ठेवायला माणूस हवा होता. शेवटी दोन अर्ज उरले. एक पोरगा, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, दर वाक्याला ‘सर’. दुसरी बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई. साधे पातळ, टाचा भेगाळलेल्या, नवरा वारलेला असल्याने कपाळ मोकळे. पण पाच वर्षे तिने बचत गटाचा हिशेब ठेवला होता आणि त्यात एक रुपयाचीही चूक निघाली नव्हती.

पोरगा घेतला. त्याला हिशेबाचा एकही प्रश्न विचारला गेला नाही. बाईच्या बाबतीत एक संचालक हळूच म्हणाले, “रोज सकाळी सकाळी हिचं तोंड बघायचं का?” बाकीच्यांनी माना खाली घातल्या, पण नाही म्हणाले नाहीत.

आठ महिन्यांनी पोरगा पुण्याला नोकरी लागली म्हणून निघून गेला. मागे बघितले तर संकलनाची वही आणि सभासदांची पासबुके जुळेनात. तो पोरगा चोर नव्हता, हे आधी सांगतो. त्याला ते काम येत नव्हते, आणि येते का हे कोणी विचारलेही नव्हते. पुन्हा सगळी बेरीज-वजाबाकी करीपर्यंत दहा दिवसांचे बिल दोन आठवडे लांबले. ज्यांच्या घरात दोन म्हशी आणि दुधाच्या पैशावर किराणा, त्यांना ते दोन आठवडे कसे गेले हे त्यांनाच विचारा. ती बाई आजही दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. संस्थेचे नुकसान भरून निघाले. तिचे नाही निघाले.

मोकळे कपाळ हा काय कामाचा दोष आहे?

बाईमाणसाच्या बाबतीत दिसण्याचा हिशेब जास्तच कडक असतो. रंग सावळा, वय झालेले, गळ्यात मंगळसूत्र नाही, कपाळाला कुंकू नाही, हे सगळे तिच्या विरोधात मोजले जाते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातले हेरवाड गाव तुम्हाला माहीत असेल. मे 2022 मध्ये या गावाच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे असल्या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे सांगितले. अनेक गावांनी तसे ठराव केलेही.

ठराव केला हे चांगलेच झाले. पण ठरावाची खरी परीक्षा मुलाखतीच्या टेबलावर होते. त्याच गावात तीच बाई नोकरीसाठी समोर आली आणि तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघून गुण कापले गेले, तर ठराव वहीतच राहिला म्हणायचा. ‘आशा’ कार्यकर्तीच्या निवडीचे निकष बघा. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हाच त्यात लिहिले गेले की ही बाई गावातलीच हवी आणि ती विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी. तिथे विधवा असणे हा दोष धरलेला नाही, पात्रतेत धरलेले आहे. मग आपल्या सोसायटीने तो दोष का धरावा?

दुसरी गोष्ट कोडाची. अंगावर पांढरे डाग असलेल्या माणसाला स्वयंपाकाच्या, वाढपाच्या किंवा मुलांच्या कामावर घ्यायला लोक कचरतात. कोड हा संसर्गजन्य नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्याने ते डाग पडतात. शिवल्याने, त्या हातचे खाल्ल्याने, शेजारी बसल्याने ते कोणालाही होत नाहीत. कुष्ठरोगाचेही तसेच. पूर्ण औषधोपचार घेऊन बरा झालेला माणूस रोग पसरवत नाही. बोटे वाकडी राहिली असतील, ती जुन्या दुखण्याची खूण आहे एवढेच.

यावर विश्वास बसत नसेल तर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचे आनंदवन बघून या. 1949 साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते, अशाच माणसांनी तिथल्या खडकाळ माळावर विहिरी खोदल्या, शेती उभी केली, हातमाग चालवले. बोटे झडलेल्या हातांनी पिकवलेले ते रान पाहिल्यावर ‘हा दिसतो असा, हा काय काम करणार’ हे वाक्य तोंडातून निघायला नको.

उलटाही मार बसतो

दिसण्याचा फटका फक्त गरिबाला आणि साध्या माणसालाच बसतो, असे नाही. आपल्याकडे तो उलट्या बाजूनेही बसतो. एका बागायतदाराला ठिबक आणि फवारणीचे काम बघायला माणूस हवा होता. कृषी पदविका झालेला एक मुलगा आला. जीन्स, कानात बाळी, केस वाढवलेले. “हा हिरो काय चिखलात उतरणार?” म्हणून त्याला चहा पाजून वाटेला लावले. त्याऐवजी धोतर-टोपीतला, दिसायला अस्सल शेतकरी असा गडी ठेवला. माणूस प्रामाणिक आणि कष्टाळू होता, पण विद्राव्य खताचे प्रमाण आणि व्हेंचुरीचा हिशेब त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. त्या हंगामात फिल्टर चोंदले, ड्रिपर बंद पडले आणि डाळिंबाचा अर्धा बहार हातचा गेला.

इथे दोष ना त्या मुलाच्या बाळीचा, ना त्या गड्याच्या टोपीचा. काम काय आहे हे बाजूला राहिले आणि माणूस कसा दिसतो एवढेच बघितले गेले. अंगठी-घड्याळ बघून भुलणे आणि जीन्स बघून बिथरणे, या दोन्ही एकाच खोडीच्या दोन तऱ्हा आहेत.

ही खोड सगळीकडची आहे

हे फक्त खेड्यातच होते असे समजून मन खाली करू नका. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 साली एक निबंध प्रसिद्ध केला. लष्करातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांसाठी दिलेले गुण त्याने तपासले. त्याला दिसले ते असे, की ज्याची शरीरयष्टी चांगली त्याला बुद्धीचे आणि चारित्र्याचेही गुण चढे मिळाले होते. एका चांगल्या गोष्टीचा उजेड बाकीच्या सगळ्यांवर पडत होता. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते ना, तसा हा प्रकार. इंग्रजीतही त्याला ‘हॅलो इफेक्ट’ म्हणजे प्रभावळीचा परिणाम असेच नाव पडले. आपल्या टेबलामागच्या चेअरमनसाहेबांचे जे होते तेच लष्करातल्या साहेबांचेही होत होते.

यावर उपायही लष्करातच सापडला. 1955 च्या सुमारास इस्रायलच्या सैन्यात डॅनियल काहनेमन नावाचा विशीतला तरुण अधिकारी होता. पुढे 2002 साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नव्या जवानांच्या मुलाखती घेणारे लोक गप्पा मारून ‘एकंदर माणूस कसा वाटला’ यावर गुण देत आणि ते गुण पुढे खरे ठरत नसत. काहनेमनने सांगितले, की वाटण्यावर जाऊ नका. कामाला लागणारे सहा गुण आधी ठरवा. प्रत्येकाबद्दल ठरलेले, साधे, खरेखोटे पडताळता येणारे प्रश्न विचारा. एका गुणाचे गुण कागदावर लिहून झाल्याशिवाय पुढच्या गुणाकडे जाऊ नका. एवढ्याशा बदलाने निवड पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली होऊ लागली.

आपल्याकडे सरकारनेही मुलाखतीतली ही पळवाट ओळखली आहे. 1 जानेवारी 2016 पासून केंद्र सरकारच्या गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’ मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद झाल्या. तसेच दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखून ठेवायला सांगतो. या कायद्याच्या यादीत कुष्ठरोगातून बरे झालेले आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा होरपळलेले लोकही आहेत. म्हणजे चेहऱ्याला इजा झाली म्हणून माणूस बाद होत नाही, हे कायद्यानेच लिहून ठेवले आहे. संस्था खासगी असली, सहकारी असली, तरी न्यायाची रीत तीच.

मग अंगाकडे बघायचेच नाही का?

बघायचे, पण कामापुरते. पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराची उंची 165 सेंटिमीटर लागते, छाती फुगवून मोजतात, धावायला लावतात. त्यात अन्याय नाही. कारण माप आधी जाहीर केलेले असते, सगळ्यांना एकच टेप लागते, आणि ते कामाशी जोडलेले असते. तुम्हाला 50 किलोची पोती उचलणारा हमाल हवा असेल तर पोते उचलून दाखवायला सांगा. दंडाकडे बघून अंदाज बांधू नका.

स्वच्छतेचेही तसेच. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईची नखे कापलेली हवीत, हात धुतलेले हवेत, हे विचारणे रास्त आहे. पण स्वच्छता वेगळी आणि देखणेपण वेगळे. धुतलेले, ठिगळ लावलेले लुगडे स्वच्छ असू शकते आणि हजार रुपयांचा शर्ट घामट असू शकतो. या दोन्हींची गल्लत करू नका.

पुढच्या निवडीत एवढे करा

1) जाहिरात काढण्याआधी काम लिहून काढा. ‘चुणचुणीत, रुबाबदार उमेदवार’ असले शब्द जाहिरातीत नकोत. रोज काय काय करायचे आहे, एवढेच लिहा.

2) ‘व्यक्तिमत्त्व’ हा रकाना खोडा. लोकांशी नीट बोलणे हा कामाचा भाग असेल तर ‘तक्रार घेऊन आलेल्या सभासदाशी बोलणे’ असा रकाना करा आणि टेबलावरच्या एकाने रागावलेला सभासद होऊन तो प्रसंग उभा करून बघा.

3) काम करून घ्या. पाणीपुरवठा कर्मचारी निवडायचा असेल तर विचारा, टाकी 50 हजार लिटरची आहे, 1 हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल पावडर धरली तर किती लागेल? 250 ग्रॅम हे उत्तर आले पाहिजे. मग ओटी टेस्ट करून दाखवायला सांगा, व्हॉल्व्ह उघडून-बंद करून दाखवायला सांगा. हिशेबनीस हवा असेल तर जुन्या वहीचे एक पान द्या, त्यात दोन चुका मुद्दाम ठेवा आणि शोधायला लावा. अर्धा तास पुरतो.

4) गुण आधी ठरवा. उदाहरणार्थ पाणीपुरवठ्यासाठी प्रात्यक्षिक 40, हिशेब 20, नोंदवही लिहिणे 20, आधीच्या कामाची चौकशी 20. प्रत्येक सदस्याने आपापले गुण वेगळ्या कागदावर लिहावेत, आपसात बोलण्याआधी. चेअरमन आधी बोलले की बाकीच्यांचे पेन त्यांच्या मागे जाते, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

5) लेखी पेपर असेल तर त्यावर नाव नको, नंबर टाका. पेपर तपासून झाल्यावर नंबर फोडा. अर्जावरचा फोटो ओळख पटवण्यापुरता ठेवा, अर्ज छाननीला बसताना तो झाकून ठेवा.

6) सगळ्यांना तेच प्रश्न, तोच वेळ. एकाला ‘बसा’ आणि दुसऱ्याला उभे ठेवून ‘हं, बोल’, असे नको. खुर्ची सगळ्यांना द्या.

7) निकालाबरोबर गुणांचा तक्ता सूचना फलकावर लावा. तक्ता लावायचा आहे हे ठाऊक असले की हात आपोआप सरळ चालतो.

सालगडी किंवा ड्रायव्हर ठेवणाऱ्या शेतकऱ्याला एवढा कागदी खटाटोप नको असेल तर साधे करा. आठ दिवसांची रोजंदारी ठरवा, पूर्ण मजुरी द्या, काम बघा आणि मग सालाचे बोला. आठ दिवसांत बोलका कोण आणि कामाचा कोण, हे बांधच सांगतो.

तरुण मुला-मुलींना दोन शब्द

दुनिया एका दिवसात बदलणार नाही, हे खरे. म्हणून मुलाखतीला जाताना स्वच्छ जा, वेळेआधी दहा मिनिटे जा, कागदपत्रे एका फाईलमध्ये क्रमाने लावून न्या. पण नवा शर्ट-बूट घ्यायला व्याजाने पैसे काढू नका. त्यापेक्षा केलेल्या कामाचा पुरावा न्या. बचत गटाची वही, दुरुस्त केलेल्या मोटरींची यादी, ज्याच्याकडे काम केले त्याचे पत्र, असे काहीही चालेल. टेबलावर वही उघडून ठेवली की बघणाऱ्याची नजर आपोआप कपड्यांवरून वहीकडे वळते. आणि निवड झाली नाही तर गुण किती मिळाले हे नम्रपणे विचारा. विचारणे हा उद्धटपणा नाही.

शेवटी एवढेच

2000-01 पासून आपल्या राज्यात ज्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालले, ते गाडगेबाबा कसे दिसत होते? अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर, हातात खराटा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या या माणसाने रस्ते झाडले, गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, लाखोंना शहाणे केले. त्यांचे नाव 2005 साली एका विद्यापीठाला दिले गेले. आपल्या ग्रामपंचायतीत, सोसायटीत, शाळेत त्यांची तसबीर भिंतीवर असते आणि त्याच भिंतीखाली टेबल मांडून आपण मुलाखती घेतो.

हे बाबा आज अर्ज घेऊन समोर उभे राहिले तर ‘व्यक्तिमत्त्व’ या रकान्यात तुम्ही किती गुण द्याल, याचा प्रामाणिक विचार करा. आणि पुढच्या निवडीचा तक्ता छापायला देण्याआधी तो रकाना काढून टाका. खर्च काहीच नाही. गावाला मात्र कामाचा माणूस मिळेल, आणि कामाच्या माणसाला काम मिळेल.